तळ्याकाठची नगरी आणि तळातली गावे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



सह्याद्रीच्या कुशीत, विस्तीर्ण जलाशयाच्या काठी, शहराच्या गर्दीपासून आणि घामापासून दूर असे एक टुमदार घर, हे स्वप्न गेली तीन दशके पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू वर्गाला अखंड विकले जात आहे. वर्तमानपत्रांची पूर्ण पाने या स्वप्नासाठी खर्ची पडली. त्या पानांवर निळेशार पाणी असते, पाण्यात प्रतिबिंबित होणारी रंगीत घरे असतात, सज्जात बसून चहा घेणारे दांपत्य असते. फक्त ते पाणी तेथे कसे आले, याचा उल्लेख कोठेही नसतो. जाहिरातीत त्याला ‘लेक’ म्हणतात. सरकारी दप्तरात त्याची नोंद ‘जलाशय’ अशी असते. आणि खोऱ्यातली म्हातारी माणसे त्याला नुसते ‘पाणी’ म्हणतात, ‘आमचं गाव पाण्यात गेलं’ म्हणताना जो अर्थ अभिप्रेत असतो त्याच अर्थाने. एकाच वस्तूची ही तीन नावे तीन वेगवेगळ्या वर्गांच्या तोंडी आहेत, आणि तळ्याकाठच्या विलासनगरींचे अर्थकारण समजून घ्यायचे तर तिसऱ्या नावापासूनच आरंभ करणे प्राप्त आहे.

पश्चिम घाटाच्या या पट्ट्यात निसर्गनिर्मित मोठी सरोवरे जवळजवळ नाहीतच. मुळशी, वळवण, शिरवता, पवना, पानशेत, वरसगाव, टेमघर ही सारी माणसाने अडवलेली पाणी आहेत. त्यांतील पहिली तीन टाटांनी विजेसाठी अडवली, पुढची चार स्वातंत्र्यानंतर शासनाने शेतीसाठी व पिण्याच्या पाण्यासाठी अडवली. प्रत्येक जलाशयाच्या तळाशी भातखाचरे आहेत, देवळांचे चौथरे आहेत, आणि तेथून उठवलेल्या माणसांची एक यादी महसूल खात्याच्या कपाटात आहे. तेव्हा ‘तळ्याकाठचे घर’ याचा सरळ अर्थ ‘धरणाच्या फुगवट्याकाठचे घर’ असा होतो. भाषा बदलली की इतिहास पुसला जातो, आणि इतिहास पुसला गेला की भाव वाढतो. जमिनीच्या व्यापाऱ्यांना हे भाषाशास्त्र चांगले अवगत आहे.

या प्रश्नाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे मोसे खोऱ्यातील लवासा. मोसे नदीचे हे खोरे इतिहासप्रसिद्ध मावळांपैकी एक. शिवकालातील बाजी पासलकर याच खोऱ्यातले, आणि वरसगाव धरणाच्या जलाशयाला त्यांचेच नाव देण्यात आले आहे. पुणे शहराला पाणी पुरवणाऱ्या चार धरणांची उपयुक्त साठवण सुमारे २९.१५ अब्ज घनफूट आहे. त्यांतील एकट्या वरसगावची १२.८२ अब्ज घनफूट, म्हणजे दोन-पंचमांशाहून अधिक. हे पाणी पुढे खडकवासल्यातून पुण्याला आणि कालव्याने हवेली, दौंड, इंदापूर या तालुक्यांच्या शेतीला जाते. ज्या गावांनी त्यासाठी जमीन दिली, त्यांना ‘सार्वजनिक प्रयोजन’ हे शब्द ऐकवले गेले होते. पुण्यातल्या लाखो माणसांच्या घशाची कोरड आणि पूर्वेकडील अवर्षणग्रस्त शेतकऱ्याचे पीक ही प्रयोजने खरोखरच सार्वजनिक होती, हे मान्य केले पाहिजे. नेमके म्हणूनच पुढे जे घडले त्याचा विचार अधिक गांभीर्याने करावा लागतो.

१९९६ साली महाराष्ट्र शासनाने डोंगराळ भागात खाजगी उद्योजकांकरवी थंड हवेची ठिकाणे उभारण्याचे धोरण जाहीर केले आणि त्यासाठी विशेष नियमावली केली. त्या वेळी राज्यावर शिवसेना-भाजप युतीचे शासन होते. २००१ साली या धोरणाखाली मुळशी व वेल्हे (आजचा राजगड) तालुक्यांतील १८ गावे अधिसूचित झाली. तेव्हा सत्तेवर काँग्रेस आघाडी होती. सत्तांतराने या धोरणाचा एक स्वल्पविरामही हलला नाही, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मंत्रालयातील खुर्च्यांवर माणसे बदलतात. जमिनीच्या बाबतीत खुर्च्यांचे तोंड मात्र एकाच दिशेला असते.

प्रकल्पामागे होती हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन ही बांधकाम क्षेत्रातील जुनी कंपनी. १९२६ साली वालचंद हिराचंदांनी ती स्थापिली. देशातील पूल, बोगदे, धरणे बांधून नावारूपाला आलेल्या या उद्योगाने आता नगर बांधायचे ठरवले. संकल्पित वस्ती सुमारे तीन लाखांची. आराखडा परदेशी वास्तुविशारद संस्थेचा, नमुना इटलीच्या किनाऱ्यावरील पोर्तोफिनो या टुमदार बंदराचा. ‘लवासा’ हे या खोऱ्यातील कोणत्याही गावाचे, ओढ्याचे वा देवाचे नाव नव्हे. दासवे, मुगाव, धामणओहोळ, पाथरशेत ही येथली नावे. त्यांपैकी दासवे आणि मुगाव नगरीच्या नकाशात उरली, तीही विकाऊ विभागांची नावे म्हणून. मावळातील पाऊस पोर्तोफिनोच्या पावसाहून कितीतरी पटींनी अधिक कोसळतो, हे मात्र आराखड्याच्या रंगांनी फारसे मनावर घेतलेले दिसत नाही. २००२ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने धरणासाठी संपादित केलेल्या जमिनीपैकी सुमारे १४१ हेक्टर जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने या कंपनीला दिली. लिलाव झाला नाही, निविदा निघाली नाही. पुढे महालेखापरीक्षकांनीही या व्यवहारावर ताशेरे ओढले.

येथे क्षणभर थांबणे आवश्यक आहे. ज्या शेतकऱ्याकडून ‘सार्वजनिक प्रयोजनासाठी’ म्हणून सक्तीने जमीन घेतली, त्याला त्याच जमिनीवर खाजगी पर्यटनस्थळ उभे राहिलेले पाहावे लागले. जी जमीन धरणाला लागली नाही ती मूळ मालकाला परत देण्याचा विचार शासनाच्या मनाला शिवला नाही. भूसंपादनाच्या कायद्यात शासनाचा हात लांब असतो. तो हात शेतकऱ्याकडून घेण्यासाठीच लांब असावा आणि परत देताना आखूड व्हावा, हे कोणत्याही पक्षाच्या राजवटीत आजवर बदललेले नाही.

उरलेली जमीन कंपनीने खरेदी केली. या खरेदीची रीत बारकाईने पाहिली पाहिजे, कारण चळवळीचे अपयश तिच्यातच दडलेले आहे. याच मुळशी तालुक्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, हे सर्वांना ठाऊक आहे. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी जनतेने त्याच लढ्यात दिली. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा त्याच लढ्यातली. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो साक्षेपी अभ्यास केला आहे तो प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. त्यातून एक कटू सत्य पुढे येते. जमिनीचे कागद ज्यांच्या हाती होते त्या सावकारवर्गाचे हित आणि प्रत्यक्ष नांगर धरणाऱ्या मावळ्याचे हित एक नव्हते. मोबदल्याची भाषा सुरू होताच लढ्याला तडा गेला. १९२४ मध्ये लढा संपला, सेनापती तुरुंगात गेले, धरण झाले. परंतु तेथे शत्रू डोळ्यांसमोर होता. भूसंपादनाची नोटीस होती, कंपनीचे नाव होते, भिंतीचे काम चालू असलेली जागा होती. सत्याग्रहींना जाऊन बसता येईल असे एक ठिकाण होते.

मोसे खोऱ्यात असे ठिकाणच नव्हते. येथे नोटीस निघाली नाही. दलाल आला, तोही बहुधा ओळखीचा, शेजारच्या गावचा, क्वचित भावकीतला. एका वेळी एका घरी आला. सामायिक गटातील एका भावाचा अंगठा घेतला, मग दुसऱ्याला म्हणाला, ‘थोरल्याने दिली, तू एकटा काय करणार?’ मुंबईला गिरणीत गेलेला आणि गिरणी बंद पडल्यावर हात रिकामे घेऊन बसलेला तिसरा भाऊ तेथेच गाठला गेला. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदला गेला, फेरफार झाला, सातबाऱ्यावरचे नाव बदलले. गावाला कळले तेव्हा डोंगरावर यंत्रे चढलेली होती. सीलिंगच्या कायद्याखाली भूमिहीनांना व आदिवासींना वाटलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून हस्तांतरित होऊ शकत नाही; तरीही अशा जमिनींचे व्यवहार झाल्याच्या तक्रारी महसूल यंत्रणेपुढे गेल्या. कातकऱ्यांची अवस्था याहून शोचनीय. पिढ्यान्‌पिढ्या जेथे झोपडी आहे, जेथे नाचणी-वरी पिकते, जेथल्या डोहात मासे मिळतात, त्यातील वीतभर जागाही बहुतेकांच्या नावावर नाही. ज्याचे नाव कागदावर नाही त्याला दलालानेही विचारले नाही. तो विकायलाही अपात्र ठरला.

दरम्यान २००५ मध्ये कुळकायद्यात आणि कृष्णा खोरे महामंडळाच्या कायद्यात दुरुस्त्या झाल्या. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येऊ नये म्हणून ज्या कायद्याने कुंपण घातले होते, त्याच कायद्यात ‘औद्योगिक प्रयोजन’ या शब्दांचा अर्थ ताणून पर्यटननगरीला वाट करून देण्यात आली. कसेल त्याची जमीन या घोषणेतून जन्मलेल्या कायद्याचा असा प्रवास व्हावा, हा महाराष्ट्राच्या जमीनसुधारणांच्या इतिहासातील एक विषण्ण करणारा अध्याय आहे.

आता या जमिनीच्या किमतीचा विचार करू. डोंगरउतारावरची वरकस जमीन, जीत चार महिने नाचणी आणि आठ महिने गवत, तिला शेतकऱ्याच्या हाती शेतीचा भाव मिळाला. तीच जमीन चौरस फुटांत मोजली जाऊ लागताच तिचा भाव अनेक पटींनी वाढला. ही वाढ कोणाच्या श्रमाने झाली? मातीत काही फरक पडला नव्हता. फरक तीन गोष्टींनी पडला. पहिली, समोरचे पाणी. ते सार्वजनिक पैशातून बांधलेल्या धरणाने आणि विस्थापितांच्या त्यागाने आले. दुसरी, शासनाची परवानगी; ती एका अधिसूचनेने आली. तिसरी, पुण्या-मुंबईचे सान्निध्य. ते कोट्यवधी श्रमिकांनी त्या शहरांत निर्माण केलेल्या संपत्तीचे फळ. हेन्री जॉर्जने १८७९ साली आपल्या ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात जमिनीच्या अनर्जित मूल्यवाढीवर बोट ठेवले होते. समाज मूल्य निर्माण करतो आणि मालक ते खिशात टाकतो, हे त्याचे सूत्र समजावून सांगण्यास मोसे खोऱ्याएवढे स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. रस्ते, गटारे, घरे बांधण्याचा खर्च कंपनीने केला, हे नाकारता येणार नाही. परंतु ग्राहक गटारासाठी आला नव्हता. तो पाणी पाहण्यासाठी आला होता, आणि पाणी कंपनीचे नव्हते.

विलासाची ही कल्पनाही तपासून पाहण्यासारखी आहे. सुखवस्तू माणसाला निसर्गात राहावेसे वाटले यात गैर काही नाही. शहरातला धूर आणि कर्णे यांनी गांजलेल्या कोणालाही तसे वाटेल. कापडबाजारातल्या हमालालाही वाटते, त्याला विचारीत कोणी नाही. इंग्रजांनी १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर वसवले आणि १८५० नंतर माथेरान, तेही आपल्या कातडीला सोसवेना म्हणूनच. पण त्या साहेबी गावांतही कालांतराने बाजार वसला, चणेवाला आला, घोडेवाला आला, शाळेच्या सहली आल्या. लवासातही रविवारी सहली येत, तळ्याकाठच्या फरसबंदीवर छायाचित्रे काढली जात. मक्याचे कणीस भाजणाऱ्या मावळणीला मात्र त्या फरसबंदीवर जागा नव्हती. तळ्याकाठच्या आधुनिक नगरीचे मूल्यच मुळी तिच्या फाटकावर ठरते. आत कोण आहे यापेक्षा बाहेर कोण ठेवला आहे याचे पैसे मोजले जातात. बाहेर ठेवलेला तोच माणूस सकाळी गणवेश घालून पहारेकरी म्हणून, माळी म्हणून, मोलकरीण म्हणून आत येतो आणि संध्याकाळी बाहेर जातो. त्याच्या घरासाठी मात्र नकाशात चौकोन शोधत बसावे लागते.

याहून गंभीर बाब स्वराज्याची. २००८ साली शासनाने लवासा कंपनीलाच त्या क्षेत्राचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. म्हणजे बांधणारा तोच, आणि बांधकामाला परवानगी देणाराही तोच. ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांना घटनात्मक स्थान देणाऱ्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्या १९९२ मध्ये संसदेने संमत केल्या. त्यांना पुरती दोन दशके होण्याआधीच महाराष्ट्राने एका खाजगी कंपनीच्या हाती नगरीची सत्ता सोपवली. मत देणारा नागरिक तेथे नाही, देखभालशुल्क भरणारा ग्राहक आहे. २०१७ मध्ये हे अधिकार काढून घेऊन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे देण्यात आले. नऊ वर्षांत जे डोंगर कापले गेले ते अर्थातच परत आले नाहीत.

पर्यावरणाच्या आघाडीवर काय झाले, ते बहुतेकांना वृत्तपत्रांतून ज्ञात आहे, म्हणून विस्तार नको. कंपनीजवळ २००४ सालची राज्याच्या पर्यावरण खात्याची परवानगी होती, केंद्राची नव्हती. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, पहिल्या टप्प्यातील सुमारे दोन हजार हेक्टरांपुरती सशर्त मंजुरी मिळाली; त्याआधी राज्य शासनाला कंपनीवर खटला दाखल करावा लागला होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून पुणे वाहून गेले होते. ज्या शहराच्या स्मृतीत तो दिवस आहे, त्याच्याच पाणलोट क्षेत्रात धरणाच्या डोक्यावर उतार खणले जात असताना शहराने जेवढा आवाज करावयास हवा होता तेवढा केला नाही. २०२४ च्या जुलैमधील अतिवृष्टीत लवासात दरड कोसळून बंगले गाडले गेले, तेव्हा चार दिवस बातमी आली आणि विरली.

परंतु एका गोष्टीकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काम थांबले तेव्हा खोऱ्यातीलच अनेक गावकरी कंपनीच्या बाजूने उभे राहिले. त्यांना ‘कंपनीची माणसे’ म्हणून झटकून टाकणे सोपे होते, आणि चळवळीतील काहींनी तसे केलेही. वस्तुस्थिती अशी की, पुणे शहरापासून अवघ्या काही कोसांवर असूनही या खोऱ्यात धड रस्ता नव्हता. अडलेल्या बाळंतिणीला डोलीतून न्यावे लागे. धरणाचे पाणी डोळ्यांसमोर असताना उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे वाहत. शासनाने पन्नास वर्षांत जो रस्ता दिला नाही तो कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी बांधला आणि त्यावरून गावकऱ्याची दुचाकीही धावली. रोजची मजुरी मिळू लागली. जमीन गेलेल्या माणसाला मजुरी हाच आधार उरतो, आणि तो आधार थांबवा म्हणणाऱ्याला तो प्रश्न विचारणारच: ‘मग आम्ही खायचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर परिषदांतील ठरावांत नव्हते. रोजगार हमीचा कायदा ज्या राज्याने देशाला दिला, त्याच राज्यात डोंगरातल्या माणसाला रस्त्यासाठी विलासनगरीची वाट पाहावी लागावी, याचा दोष केवळ भांडवलदाराच्या माथी मारून भागणार नाही.

यथावकाश स्वप्न कोसळले. ते चळवळीने पाडले असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. ते कर्जाने पाडले. भागविक्रीचे प्रस्ताव २०१० मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये पुढे आले आणि तडीस गेले नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने कंपनीचे प्रकरण नादारी व दिवाळखोरी संहितेखाली दाखल करून घेतले. मान्य झालेले दावे साडेसहा हजार कोटी रुपयांच्या वर गेले. २०२३ च्या जुलैमध्ये एका कंपनीची १,८१४ कोटींची योजना मंजूर झाली, आणि ती अमलात न आल्याने २०२४ मध्ये ती मंजुरीही रद्द झाली. बँकांचा पैसा बुडाला असे आपण वाचतो तेव्हा तो ठेवीदारांचा पैसा असतो, हे निराळे सांगावयास नको.

या दिवाळखोरीत घरे घेणारेही अडकले. त्यांची संख्या आठशेच्या वर आहे. त्यांत केवळ गुंतवणुकीसाठी आलेले धनिक आहेत, तसेच भविष्यनिर्वाह निधी मोडून एक लहान सदनिका घेणारे निवृत्त कर्मचारीही आहेत. त्यांची थट्टा करण्यात कसलाही पुरोगामीपणा नाही. २०१८ च्या दुरुस्तीने घर घेणाऱ्यांना वित्तीय धनको मानले गेले, धनकोंच्या समितीत त्यांना जागा मिळाली. हे योग्यच झाले. बँकांना जागा आहे. कामगारांच्या थकित वेतनाला कायद्याने अग्रक्रम दिला आहे, निदान कागदावर. पण ज्याची जमीन फसवून घेतली गेली असे म्हणणारा शेतकरी कोणत्या रकान्यात बसतो? तो वित्तीय धनको नाही, व्यवहारी धनको नाही, कामगार नाही, भागधारक नाही. ज्या जमिनीवर हा सारा डोलारा उभा राहिला, तिच्या मूळ मालकासाठी त्या संहितेत रकानाच नाही. गाव पुन्हा विकले जाईल तेव्हा त्याच्या तक्रारीसकट विकले जाईल. नवा खरेदीदार म्हणेल की मागचे देणे आपल्याला लागू नाही, आणि कायदा बव्हंशी त्याच्या बाजूने उभा राहील.

न्यायालयाचा दरवाजाही ठोठावून झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लवासाविषयीच्या जनहित याचिकेवर निकाल दिला. प्रकल्पाला राजकीय वजन कसे उपयोगी पडले याविषयी न्यायालयाने आपली मते नोंदवली, पण याचिका फार उशिरा आली या कारणास्तव हस्तक्षेप करण्याचे नाकारले. दस्त एकेक करून गुपचूप नोंदले जातात, त्यांची बेरीज दिसायला दशक जाते, आणि बेरीज दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. हा उशीर गावकऱ्याच्या आळसातून आलेला नाही. त्या खरेदीच्या पद्धतीतच तो रचलेला आहे.

लवासा हे एकटे उदाहरण नाही. त्याच मुळशी तालुक्यात आंबवण्याजवळ सहारा समूहाने दहा हजारांहून अधिक एकरांवर ॲम्बी व्हॅली उभारली, स्वतःच्या धावपट्टीसह आणि कृत्रिम तलावांसह. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या लिलावाचा आदेश दिला. राखीव किंमत ३७,३९२ कोटी ठरली आणि लिलाव निष्फळ ठरला. पवनेच्या फुगवट्याकाठी बंगले आणि तंबू यांची रांग लागली आहे; पवना धरणाच्या विस्थापितांपैकी शेकडो कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र अर्धशतकाहून अधिक काळ रेंगाळला. ९ ऑगस्ट २०११ रोजी याच पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याला विरोध करणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांवर द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तिघे मृत्युमुखी पडले. पाण्याच्या काठी बंगला बांधणाऱ्यावर बंदूक रोखली गेल्याचे महाराष्ट्रात अद्याप कोणी ऐकलेले नाही.

कार्यकर्त्यांनी आता करावयाची कामे रुक्ष आहेत. फुगवट्यालगतच्या प्रत्येक गावाचे १९९० पासूनचे फेरफार काढून एकत्र मांडले पाहिजेत. माहितीच्या अधिकाराने ते मिळतात, आणि मुळशीच्या एका गावात बसून दोन तरुणांनी महिनाभर मनावर घेतले तर चित्र स्पष्ट होते. सीलिंगची जमीन परवानगीवाचून गेली असेल तेथे ती परत घेण्याचे अर्ज गटनिहाय केले पाहिजेत, मोघम निवेदने देऊन भागणार नाही. वनहक्क कायदा २००६ पासून आहे. कातकऱ्यांचे वैयक्तिक व सामूहिक दावे ग्रामसभेतून दाखल करणे हे त्यांचे नाव प्रथमच कागदावर आणण्याचे काम आहे. आणि कृष्णा खोरे महामंडळाने २००२ मध्ये दिलेल्या १४१ हेक्टरांच्या भाडेपट्ट्याची तीस वर्षांची मुदत २०३२ मध्ये भरते. तो भाडेपट्टा नव्या खरेदीदाराच्या नावे मुकाट्याने वाढवला जाऊ नये, यासाठी मुदत संपण्याची वाट पाहत बसून चालणार नाही. मूळ खातेदारांची यादी भूसंपादनाच्या निवाड्यात आहे. ते निवाडे भूसंपादन अधिकाऱ्याच्या अभिलेख कक्षात मिळतील. प्रत्येक खातेदाराच्या आज हयात असलेल्या वारसांचा शोध हवेली-दौंडच्या पुनर्वसित वस्त्यांपासून मुंबईच्या चाळींपर्यंत घ्यावा लागेल. हे वारस वयाने साठी-सत्तरीच्या पुढचे आहेत. यादी करण्याचे काम या पावसाळ्यापूर्वी सुरू झाले पाहिजे.